क्षेत्र आणि वास्तु

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं शेवटचं व्रत म्हणजे परिग्रह-परिमाण. आपल्याकडे किती असावं ते आधी ठरवायचं आणि मग त्यापुढे जायचं नाही. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्या यादीत सोनं-चांदी दुसऱ्या क्रमांकावर येतं, धन-धान्य तिसऱ्या. पहिली जोडी आहे ती क्षेत्र आणि वास्तु यांची. क्षेत्र म्हणजे जमीन आणि वास्तु म्हणजे घर. पाठशाळेत आपण सगळ्यांनीच ही यादी घडाघडा म्हटलेली असते. पण जमीन आणि घर एकाच दमात का सांगितले, हा प्रश्न तेव्हा पडत नाही. तो पडतो घर वाढवायची वेळ आली की.

आपल्या आचार्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या व्रतांची चर्चा केली आहे. परिग्रहाचं व्रत वरवर न मोडता कसं मोडलं जातं, याचे प्रकार त्यांनी एकेक करून सांगितले आहेत. त्यातला एक प्रकार म्हणजे ‘योजन’, म्हणजे जोडणं. एखाद्याने नियम घेतला की मी एकच घर ठेवीन. पुढे त्याला शेजारचं घर मिळालं. आता घरं दोन झाली, नियम मोडला. मग तो काय करतो? मधली भिंत पाडतो! दोन्हींचं मिळून पुन्हा एकच घर. मोजणी बरोबर, नियम शाबूत, आणि हाव मात्र दुप्पट. शेताचंही तसंच, मधला बांध काढला की दोन शेतांचं एक.

मला वाटतं, वाढीव बांधकामावरची इतकी जुनी आणि इतकी नेमकी टीका दुसरीकडे सापडायची नाही. गेल्या वर्षी आमच्या फ्रीगंजच्या घरावर मजला चढवायचं ठरलं, तेव्हा हे ‘योजन’ माझ्या डोक्यातून जाईना. घर वाढवणं वाईट, असं आचार्य म्हणत नाहीत. माणसं वाढतात, सून येते, म्हातारपण येतं, घराला वाढावंच लागतं. प्रश्न एवढाच की वाढतं ते काय, आणि कुणासाठी. म्हणून मी आपल्या या भागातल्या लहान जागेवरच्या घरांचा इतिहास थोडा धुंडाळला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

उज्जैनला बाहेरून येणाऱ्याला महाकाळ, पटनी बाजार, गोपाळ मंदिर हेच उज्जैन वाटतं. तिथली घरं खरोखर जुनी, गल्ल्या अरुंद, घरांची तोंडं एकमेकांसमोर. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात उज्जैनला आपलं ठाणं केलं. महाकाळाचं मंदिर त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभं केलं. शिंद्यांच्या मागोमाग मराठी माणसं आली: कारभारी, भिक्षुक, शिलेदार, पुढे शिक्षक आणि कारकून. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण इथे रुजलेली मराठी घरं इथेच राहिली.

फ्रीगंज त्या मानाने अगदी अलीकडचं. रेल्वेच्या रुळांपलीकडे, पूल ओलांडून गेलं की रस्ते एकदम सरळ होतात. चौकात टॉवर, रुंद बाजार, आखून दिलेल्या जागा. याचंच दुसरं नाव माधवनगर. नावात शिंदेशाही आहे आणि गंज म्हणजे बाजारपेठही आहे. जुन्या शहरात घर आधी आणि गल्ली नंतर घडली. फ्रीगंजात रस्ता आधी आखला आणि घरं त्याच्या कडेने बसली. म्हणून इथल्या जुन्या घरांचे तुकडे लांबट आहेत, तोंड लहान आणि पोट खोल. आमचंच घर घ्या. वीस फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट लांब, म्हणजे नऊशे चौरस फूट. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढे ओटा, मग बैठक, मग कोठीघर, मग आठ बाय दहाचा चौक, आणि मागे स्वयंपाकघर व मोरी.

दोन्ही बाजू बंद असलेल्या घराला श्वास घ्यायला जागा कुठली? फक्त पुढून, मागून आणि वरून. म्हणून चौक. दुपारी चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी ओट्याकडून हवा आत ओढली जाते. रात्री गार हवा चौकात उतरते. माळव्याच्या रात्रीचं कौतुक ‘शब-ए-मालवा’ म्हणून सगळ्या हिंदुस्थानाने केलं, पण ती रात्र घरात येते ती चौकातूनच.

आपल्या जैन घरांना चौकाची गरज जरा जास्तच. दिवे लागायच्या आत जेवण उरकायचं असतं. डिसेंबरात उज्जैनला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पाच वाजता स्वयंपाकघरात ताटातला दाणा दिसेल इतका उजेड हवा. धान्य निवडायचं, भाजी शोधायची, पाणी गाळायचं, सगळं डोळ्यांनी बघून. अंधाऱ्या स्वयंपाकघरात अहिंसा पाळणं कठीण आहे, हे कुठल्याही आजीने सांगितलं असतं. गावात मुनिसंघ आला आणि घरी चौका लावायचा म्हटलं की पडगाहनाला दाराशी जागा हवी, आणि आत महाराज उभ्याने आहार घेतात तिथेही स्वच्छ उजेड हवा. बारा व्रतांतलं शेवटचं अतिथिसंविभाग. आपल्यातलं अतिथीला वाटून देणं. हे व्रत काही हवेत पाळता येत नाही, त्याला जागा लागते.

अहमदाबादच्या पोळींमधली जुनी घरं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तिथल्या चौकाखालचं टाकं आठवत असेल. छपरावरचं पावसाचं पाणी नळाने खाली येऊन जमिनीतल्या टाक्यात साठतं आणि वर्षभर पिण्याला पुरतं. जागा तशीच अरुंद, भिंतीला भिंत, तरी आकाश आणि पाणी दोन्ही घरात घेतलेले. अनेक जैन कुटुंबं अशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. २०१७ साली युनेस्कोने अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. तो मोठाल्या इमारतींइतकाच या पोळींचा आणि त्यांतल्या घरांचाही मान आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाई जुन्या घराचे गोडवे गात बसल्या. तसं नाही. चौक ज्यांच्यासाठी उघडा होता, त्यांच्यातल्या बायकांना दिवसभर तोच चौक सारवावा लागत होता. माजघर अंधारं होतं आणि बाळंतीण तिथेच असायची. घरातल्या विधवेला कोपरा असायचा, खोली नसायची. आणि ओट्याच्या पायरीवर कुणी बसायचं, कुणी खालीच उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. मैला नेणाऱ्या बाईसाठी गावोगाव मागचं दार वेगळं असे. अशा घराला मी सरसकट उदार म्हणणार नाही. ते काहींना उदार होतं.

आपल्या समाजात हा प्रश्न पहिल्यांदा धीटपणे हाती घेतला तो मगनबाईंनी. त्या शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या, जन्म १८८० चा. तरुणपणीच वैधव्य आलं. वडिलांच्या घरात त्यांना काही कमी नव्हतं. पण ज्यांच्या वडिलांच्या घरात जागा नव्हती, अशा बायकांसाठी त्यांनी श्राविकाश्रम काढला आणि ललिताबाई, कंकुबाई यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर तो वाढवला. शिकायला जागा, निजायला जागा, आपली पेटी ठेवायला जागा. कुटुंबाची भिंत अशी बाहेर सरकवणं हेही घर वाढवणंच. हेमचंद्राचार्यांनी सांगितलेल्या ‘योजना’त दोन घरांचं एक होतं ते एकाच्या हावेसाठी. इथे एका घराची अनेकींसाठी अनेक घरं झाली.

आता उज्जैनहून पंचावन्न-साठ किलोमीटरवरच्या इंदूरला जाऊ, कारण गेल्या शतकातल्या घर आणि शहराविषयीच्या दोन मोठ्या गोष्टी तिथे घडल्या.

पहिली गोष्ट पॅट्रिक गेडिस यांची. हे स्कॉटलंडचे, मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि शहरामागून शहर पायी हिंडून त्यांचे आराखडे करू लागले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आपले गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात गेडिस इंदूरला होते, आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल निघाला.

तेव्हा शहराला प्लेगाने ग्रासलं होतं. प्लेग म्हटलं की सरकारी उपाय एकच, दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मधली घरं पाडायची. गेडिसना हे मान्य नव्हतं. पडकं घर तेवढं काढा, त्या जागी लहानसा चौक किंवा झाड येऊ द्या, बाकीची वस्ती जगू द्या, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर जसा अगदी गरजेपुरताच चाकू लावतो, तसं. घर आणि अंगण पाहताना ते तुळशीकडे बघत. तुळस जिथे नीट राखलेली, तिथे घरही नीट राखलेलं असतं, असा त्यांचा अनुभव. तुळशीची पूजा आपल्याकडे सगळ्याच घरांत होत नाही, पण त्यांचं म्हणणं कुणाही बाईला कळेल. झाडाला रोज कुणीतरी पाणी घालतं, म्हणजे तिथे ऊन येतं, तिथे कुणाचं तरी लक्ष आहे.

१९१७ च्या दिवाळीत त्यांनी इंदुरात एक मिरवणूक काढली. आधी जाहीर केलं की जी वस्ती सगळ्यांत चांगली झाडलेली, सारवलेली, दुरुस्त केलेली असेल, तिथून मिरवणूक जाईल. झालं! लोकांनी शहर घासून काढलं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा भला मोठा उंदीर होता, आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत मानाने चालत होते. शेवटी लोकांना तुळशीची रोपं वाटली. मागच्या दाराने येणाऱ्या माणसाला एका दिवसापुरतं का होईना, पुढच्या रस्त्याने मानाने नेलं. घराचा कायापालट मजला चढवण्याआधी झाडूने आणि रोपाने सुरू होतो, हे तो माणूस शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला.

दुसरी गोष्ट बाळकृष्ण दोशी यांची, आणि ती खरं तर पुण्यात सुरू होते. दोशींचा जन्म पुण्यात १९२७ साली झाला. घराणं गुजराती वैष्णव, धंदा फर्निचरचा, कुटुंब एकत्र, तीन पिढ्यांचं. आजोबांचं घर कुटुंबाबरोबर वाढत गेलं. माणसं वाढली तशा खोल्या आल्या, मजले आले. घर एकदा बांधून संपत नाही, ते माणसासारखं वाढतं, ही गोष्ट त्या मुलाने पुस्तकात वाचली नाही, जिन्यावरून चढता-उतरता पाहिली. पुढे ते जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी झाले. २०१८ चा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

इंदूरच्या विकास प्राधिकरणासाठी त्यांनी ऐंशीच्या दशकात ‘अरण्य’ ही वसाहत आखली. सुमारे पंच्याऐंशी हेक्टर जमीन आणि साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, त्यांतले बहुतेक गरीब कुटुंबांसाठी. सगळ्यांत लहान भूखंड पस्तीस चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे-चारशे चौरस फूट. आमच्या घराच्या निम्म्याहूनही लहान! दोशींनी तिथे सगळी घरं बांधून दिली नाहीत. जोतं दिलं, संडास-मोरी दिली, पाणी आणि सांडपाण्याची सोय दिली, कुणाला एक खोली दिली. उरलेलं घर ज्याचं त्याने, जमेल तसं, जमेल तेव्हा वाढवायचं. कसं वाढवता येईल ते दाखवायला ऐंशी नमुना घरं मात्र बांधली. त्यांत ओटा होता, सज्जा होता, बाहेरून चढणारा जिना होता. जिना बाहेरून असला की वरची खोली भाड्याने देता येते, आणि भाडेकरू आपल्या चुलीसमोरून जात नाही. १९९५ साली या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

अशीच कल्पना महाराष्ट्रात चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूरला केली, तीही ऐंशीच्याच दशकात. सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका सामाईक अंगणाभोवती. भूखंड पंचेचाळीसपासून पंचाहत्तर चौरस मीटरपर्यंत. श्रीमंत आणि गरीब यांच्या जागेत फरक होता, पण फार नाही. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, म्हणून एकाने घर वाढवलं तर दुसऱ्याच्या घराला धक्का लागत नाही. आज बेलापूरला काय किंवा अरण्यात काय, मूळ घरं शोधावी लागतात. लोकांनी मजले चढवले, काही घरं पार पाडून नवी बांधली. कुणी म्हणेल, योजना फसली. मला तसं वाटत नाही. वाढायची मुभा होती, ती लोकांनी घेतली. पण बेलापूरचं सामाईक अंगण कुणा एकाच्या घरात जिरलं नाही, कारण ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं होतं. मला या दोन्ही ठिकाणी शिकण्यासारखं वाटतं ते हे, की वाढ होणार हे धरून चाला आणि काय वाढू द्यायचं नाही ते आधीच ठरवून ठेवा. परिग्रह-परिमाण दुसरं काय सांगतं?

आता आमच्या घराचं सांगते, कारण हा सगळा इतिहास वाचून शेवटी नकाशावर सही करायची होती.

सासूबाईंचे गुडघे गेलेले, जिना बंद. मुलाचं लग्न ठरलेलं. २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून उज्जैनला येणाऱ्या भाविकांची गर्दी वाढली आहे आणि २०२८ ला सिंहस्थ आहे. आमच्या आसपास घराघरांत भाड्याच्या खोल्या निघाल्या आहेत. मुलाने साधा हिशेब मांडला. चौक झाकला तर तळाला आणि वर मिळून एकशेसाठ चौरस फूट मिळतात, म्हणजे एक खोली जास्त. “आई, ऐंशी फुटांवर नुसता पाऊस पाडून घ्यायला आपल्याला परवडतं का?” असं त्याने विचारलं. तो चुकीचं बोलत नव्हता. कर्ज त्यालाच फेडायचं आहे. घरातली बाई उदारपणाच्या गोष्टी करते आणि हप्ता दुसरा भरतो, हेही बरोबर नाही.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला खोली कुठेही दे रे, मोरी जवळ पाहिजे.” सगळ्या चर्चेत हे सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य होतं. तिथून नकाशा उलटा सुरू झाला. आधी मोरी, मग त्यांची खोली, मग बाकीचं घर.

कोठीघर रिकामं केलं. खरं सांगायचं तर त्यात वर्षाचं धान्य आता कुणी भरत नाही. भरलेली होती ती जुनी भांडी, मोडकी खुर्ची, लग्नातली रिकामी खोकी. तो सगळा परिग्रह बाहेर काढल्यावर दहा बाय अकराची चांगली खोली निघाली. म्हणजे पहिली वाढीव खोली एकही वीट न रचता मिळाली! तिला चौकाकडे दार आणि खिडकी, आणि लागूनच न्हाणी. दार तीन फुटांचं ठेवलं, उद्या चाकाची खुर्ची लागली तर अडू नये. उंबरा काढून उतार केला.

वर मुलाची खोली पुढच्या बाजूला आणि भाड्याची एक खोली मागे. मध्ये चौकाभोवती तीन फुटांचा सज्जा, म्हणजे वरच्या सुनेची हाक खाली ऐकू येते आणि दार लावलं की तिचं घर तिचं. जिना ओट्यावरून. ही अरण्याची शिकवण. चौकावर माकडांसाठी लोखंडी जाळी, आणि तिच्यावर फूटभर उंच पारदर्शक पत्रा, बाजूंनी हवा जाईल असा. पावसाच्या दिवसांत सरकवायचा, उन्हाळ्यात रात्री उघडायचा.

ज्या कुणाला माळव्यात मजला चढवायचा असेल, त्यांच्यासाठी मिस्त्रीने सांगितलेली एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या विटांच्या भिंतींवर नवा मजला सरळ चढवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तिरक्या भेगा दिसू लागतात. म्हणून नव्या बांधकामाचे खांब वेगळे, त्यांचा पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत, आणि जुन्या-नव्यामध्ये बारीकशी फट. भिंत पाडून एक करायची घाई इथे जमीनसुद्धा करू देत नाही!

पाण्याचाही विचार केला. शहराला गंभीर धरणाचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते एका दिवसाआड होतं. उज्जैनला वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या ऐंशी चौरस मीटरच्या छपरावर पडणाऱ्या पाण्यातलं पाचवा हिस्सा वाया गेलं असं धरलं, तरी पन्नास हजार लिटरांहून जास्त उरतं. तितकं साठवणं आम्हाला शक्य नाही. पुढे ओट्याखाली, पायापासून दूर, पाच हजार लिटरांचं टाकं केलं. एक नळ ओट्याच्या बाहेरच्या बाजूला काढला. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाणी मिळावं आणि भांडं मागायला दार वाजवावं लागू नये.

चौक तसाच ठेवला म्हणून भाड्याची एक खोली गेली आणि कर्जाची मुदत दोन वर्षांनी लांबली. ही किंमत खरी आहे आणि ती दर महिन्याला भरायची आहे. मुलाने सही केली ती काही माझ्या व्याख्यानामुळे नाही. एका संध्याकाळी त्याने स्वतः मोबाइलमधला दिवा बंद करून, चौक झाकलाय असं समजून, ताडपत्री ओढून बघितली. साडेचार वाजले होते आणि आजीच्या होणाऱ्या खोलीत तिचा चष्मा सापडत नव्हता. ताडपत्री काढली आणि म्हणाला, “ठीक आहे. एक खोली कमी.”

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या घरी आज ना उद्या मिस्त्री येईल. पुरुषमाणसं त्याच्याशी फुटांत आणि रुपयांत बोलतील, आणि त्यांनी तसंच बोलायला हवं. तुम्ही त्याआधी एक कागद घ्या. दुपारी चारला स्वयंपाकघरात किती उजेड असतो, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मोरीपर्यंत किती पावलं चालावी लागतात, नव्या खोल्या रोज कोण झाडणार, पाहुणा आला तर त्याला दुसऱ्याच्या अंथरुणाजवळून जावं लागतं का, शेजाऱ्याच्या खिडकीतलं ऊन आपण अडवतो का, हे लिहा. आणि सगळ्यांत खाली एक आकडा लिहा, एवढी जागा आम्ही बांधणार नाही. आमचा आकडा ऐंशी आहे. तुमचा वीस असेल, ओट्याच्या एका पायरीएवढाही असेल. पण तो मिस्त्री येण्याआधी लिहा.

क्षेत्र आणि वास्तु ही जोडी एका दमात का सांगितली, याचं मला सापडलेलं उत्तर असं आहे. एकाची मर्यादा घातली आणि दुसऱ्याची विसरली, तर घर सगळं क्षेत्र खाऊन टाकतं आणि तरी मोजणीत एकच राहतं. आचार्यांनी बाराव्या शतकात ज्या भिंतीविषयी लिहिलं, ती फ्रीगंजच्या प्रत्येक नकाशात आहे. आमच्या नकाशात तिच्या जागी आठ बाय दहाचा कोरा चौकोन आहे. बांधकाम सुरू झालं त्या दिवशी सासूबाईंनी खुर्ची तिथेच टाकून घेतली आणि मटार सोलायला बसल्या.